फोन तुमच्या नावावर की वॉर्डाच्या?

पत्र थोडक्यात: मिरजेतल्या एका खासगी हॉस्पिटलात सहा वर्षं स्टाफ नर्स असलेल्या वाचक भगिनीनं हे पत्र लिहिलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांच्या हॉस्पिटलनं यंदा प्रत्येक नर्सला एकेक मोबाईल दिला. औषध दिल्याची नोंद, टेम्परेचर, बीपी हे सगळं आता त्यातल्या ॲपवर भरायचं. डॉक्टरांच्या ऑर्डरी बऱ्याचदा व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात. लॅब, फार्मसी, बिलिंग सगळे त्याच फोनवर. स्वतःचा मोबाईल ड्युटीवर येताच लॉकरमध्ये ठेवायचा. हॉस्पिटलचा फोन मात्र घरी न्यायचा आणि चार्ज करून आणायचा. 'हरवल्यास अगर फुटल्यास १४,००० रुपये पगारातून कापून घ्यावेत' अशा कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या आहेत. गेल्या महिन्यात दोन प्रसंग घडले. कर्नाटकातल्या अथणीकडच्या एका पेशंटच्या मुलानं, त्या नोंद करत असताना, 'सिस्टर मोबाईल बघत बसल्यात' म्हणून व्हिडिओ काढला. आणि मेट्रननी विचारलं, 'काल पावणेपाचला तुमचा फोन वीस मिनिटं एकाच जागी कसा काय?' त्या बाथरूमला जाऊन, उभ्याउभ्या चहा घेऊन आल्या होत्या. मिस्टर म्हणतात, फोन परत देऊन टाक. मैत्रिणी म्हणतात, गप्प बस. घरी चार वर्षांची मुलगी सासूबाईंजवळ असते. 'फोन घ्यायला नकार देऊ का, की नोकरीच बदलू?' असा त्यांचा प्रश्न आहे. ता. क. मध्ये आणखी एक: मुलीसाठी म्हणून सासूबाईंना वॉर्डचा नंबर द्यावा का? त्या उठसूट फोन करतील अशी भीती वाटते.

प्रिय सिस्टर,

तुम्हाला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारावी असं मनातही आलं नाही. मी ३१ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली शेवटची नऊ इन्चार्ज म्हणून. आता घरी असते, तरी सांगलीच्या मंडईत कुणी मागून 'सिस्टर' म्हटलं की हातातली मेथीची जुडी तशीच धरून मी वळते.

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तुमच्या मिस्टरांच्याच बाजूला होते. ठेवा तो फोन मेट्रनच्या टेबलावर, असंच वाटलं. चहा घेतला, परत वाचलं. या वेळी एका वाक्यापाशी अडकले. ते तुम्ही सहज लिहून गेलाय, तक्रार म्हणूनसुद्धा नाही: 'घरी नेऊन चार्ज करून आणायचा असतो.' तुमच्या निम्म्या दुखण्याचं मूळ मला तिथं दिसतं.

का ते सांगते. मॉर्फिन-पेथिडीनच्या कपाटाची किल्ली तुम्हीही सांभाळली असेल. ती कुणाच्या नावावर नसते. त्या ड्युटीला जी सिस्टर इन्चार्ज, तिच्याकडे. ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्युटीच्या सिस्टरला काम सोपवताना, ॲम्प्यूल मोजायचे, रजिस्टरवर दोघींच्या सह्या, आणि किल्ली या हातातून त्या हातात. जोखीम केवढी, पण ती आठ तासांची.

१९९१ साली, मी अगदी नवीन असताना, मिरजेतली नाईट संपवून सकाळच्या सिटी बसनं सांगलीकडे निघाले. विश्रामबागला उतरताना पर्स चाचपली तर आत किल्ली! एसटीडी बूथवरून वॉर्डला फोन लावला. आमच्या इन्चार्ज सिस्टर भारी कडक. पण त्या एवढंच म्हणाल्या, 'पहिल्या बसनं परत ये. आल्यावर नाश्ता इथंच कर.' ना मेमो, ना दंड. किल्ली वॉर्डाची होती आणि तिची जागा वॉर्डात होती, एवढाच मामला. परत जाऊन दिली आणि विषय संपला. नंतर वर्षभर ओव्हर देताना मला सगळ्या 'पर्स बघितलीस का' म्हणून चिडवायच्या, ते वेगळं.

तुमच्या हॉस्पिटलनं हा फोन किल्लीसारखा द्यायला हवा होता. दिलाय तो ओळखपत्रासारखा, ज्याच्या-त्याच्या नावावर. म्हणून तो तुमच्या मागोमाग घरी येतो. दुपारी दोनला सोडलेल्या पेशंटबद्दल रात्री अकराला बिलिंगवाला तुम्हालाच विचारतो. वड्डीच्या रस्त्यावर गाडीवरून पडून फुटला तरी खर्च तुमच्या माथी. आणि त्यातलं लोकेशन हॉस्पिटलच्या गेटपाशी थांबत नाही.

आणखी एक विचारते, रागावू नका. तुमच्या लेकीनं तो फोन कधी हातात घेतलाय का? चार वर्षांचं पोर, आईच्या हातातला फोन दिसला की मागणारच. ज्या फोनला तुम्ही ड्रेसिंगच्या मधे, सक्शनच्या मधे हात लावता, तो संध्याकाळी तिच्या गालाला. 'हात धुण्याचे पाच प्रसंग' आपल्याला पाठ असतात, भिंतीवर तक्ताही असतो. पण फोनला हात लावला की ती साखळी तुटते हे तक्त्यात कुणी लिहीत नाही. ग्लोव्ह घातलेल्या हातानं फोन उचलायचा नाही, एवढा एक नियम केलात तरी खूप. ड्युटी सुरू होताना आणि संपताना ७० टक्के अल्कोहोलच्या वाईपनं पुसायचा. आयसोलेशनच्या खोलीत न्यायचाच नाही, दारात दुसरीच्या हातात द्यायचा. वाईप्स हॉस्पिटलनं पुरवायचे, तुम्ही पदरचे आणायचे नाहीत.

आता तुमचा थेट प्रश्न: नकार देऊ का?

माझं मत, एकटीनं तर अजिबात नको. एकटीनं नाही म्हटलं की बोलणं फोनवर राहत नाही, तुमच्या वागणुकीवर येतं. आणि खरं सांगायचं तर फोन मुळातच नकोसा आहे असंही मला वाटत नाही. आमच्या वेळी बेड १८ चा पेशंट घामाघूम झाला की एकीनं त्याच्याजवळ थांबायचं आणि दुसरीनं आरएमओंना, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांना, शोधत जिना चढायचा. नाईटला दुसरी असतेच असं नाही. मग मावशीला पळवायचं, तिला नाव नीट सांगता यायचं नाही, डॉक्टर भलत्याच मजल्यावर जायचे. आज तुम्ही पेशंटचा हात न सोडता डॉक्टरांना बोलावू शकता. हे सुख आम्हाला मिळालं नाही. ते परत करा असं मी कशी सांगू?

पण त्याच फोनवर भलतंसलतं किती येतं, ते बघायला हवं. तुम्ही लिहिलंय की एका इव्हिनिंगला तुम्ही मोजलं आणि तो ६३ वेळा वाजला. हे मोजलंत ते फार छान केलंत, पण अर्धवट सोडलंत. आता आठवडाभर तिघी-चौघींनी मिळून मोजा. वहीत तीनच रकाने: कुणाचा फोन, कशासाठी, आणि त्याला नर्सच लागत होती का. 'बेड ५ चं बिल क्लिअर झालं का' याला नर्स लागत नाही. 'कॅन्टीनचं ताट कुठल्या खोलीत' यालाही नाही. 'बेड ११ चं पोटॅशियम २.८ आलंय' याला लागते, ताबडतोब लागते, कारण एवढं कमी पोटॅशियम जिवावर बेतू शकतं. पण ६३ रिंगांमध्ये ती एक रिंग कशी ओळखायची? सतत वाजणाऱ्या घंटेकडे माणसाचे कान आपोआप बंद होतात. मॉनिटरच्या बीपबद्दल हे आपण आयसीयूत रोज अनुभवतो. त्यात तुमची चूक नाही, पण काही झालं तर बोट तुमच्याकडेच दाखवलं जाईल. म्हणून वही.

त्या वहीच्या जोरावर एक गोष्ट मागून घ्या: औषधाच्या राऊंडला फोन तुमच्याजवळ नसेल. राऊंडवाली सिस्टर ट्रॉलीजवळ, फोन स्टेशनवर दुसरीकडे. ॲपवर नोंद करायला फोन लागतोच असं असेल तर त्या वेळापुरते कॉल दुसऱ्या हँडसेटवर वळवा. काही हॉस्पिटलांत औषध देणारी सिस्टर 'मध्ये बोलू नका' असं लिहिलेला एप्रन घालते. आपल्याकडे तो बघून नातेवाईक आधी हसतील आणि मग 'का हो असं?' म्हणून तिलाच विचारतील, तरीही मला तो आवडतो.

आता व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी. तुम्ही पत्रात दोन ओळींत उरकलंत, पण मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. बाथरूमच्या प्रसंगात तुमचा अपमान झाला. इथं पेशंटचा जीव जाऊ शकतो आणि तुमचं रजिस्ट्रेशनही.

माझा एक प्रसंग सांगते. पॅसेजमधला काळा फोन, रात्रीचे दोन, पलीकडे झोपेतून उठलेले सर्जन. शुगर सांगितली. ते म्हणाले, इन्सुलिन द्या, मला ऐकू आलं 'फिफ्टी'. मी सिरिंज घेतली. आपली इन्सुलिनची लाल टोपीची सिरिंज ४० युनिटची. ५० त्यात मावेचनात. तेवढ्यानं हात थांबला. दुसरी सिरिंज फोडायच्या आधी परत फोन लावला. ते म्हणाले, 'फिफ्टीन हो, वन फाईव्ह!' त्या बाईंना त्या रात्री माझ्या हुशारीनं वाचवलं नाही, सिरिंजच्या मापानं वाचवलं. तेव्हापासून फोनवरची प्रत्येक ऑर्डर मी आकडा सुटा करून परत म्हणून दाखवायचे, 'वन फाईव्ह, सर?' आणि त्यांचं 'हो' ऐकल्याशिवाय ठेवायची नाही. काही डॉक्टर वैतागायचे. वैतागू देत.

व्हॉट्सॲपवर लिहिलेलं असतं म्हणून ते पक्कं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. 'बेड १२ लॅसिक्स ४० स्टॅट' (लघवी होण्याचं औषध, ताबडतोब द्या) एवढाच मेसेज येतो. सकाळी बेड १२ ला कोण होतं आणि आता कोण आहे? बेड नंबर ही पेशंटची ओळख नव्हे. ओळख म्हणजे पूर्ण नाव आणि यूएचआयडी, म्हणजे हॉस्पिटलनं त्या पेशंटला दिलेला नंबर, हे तर मानांकनाच्या तपासणीतही विचारतात. शिवाय ग्रुपवर चाळीस माणसं असतात. मेसेज 'डिलीट फॉर एव्हरीवन' झाला की तुमच्याकडे काय उरतं?

म्हणून ज्यांना-ज्यांना हा प्रकार रोज सोसावा लागतो त्या सगळ्यांसाठी सांगते. मेसेज ही ऑर्डर धरू नका, डॉक्टरांना फोन करायची खूण समजा. फोन करा, नाव आणि नंबर घेऊन औषध, डोस, मार्ग परत म्हणून दाखवा. शक्य असेल तर दुसऱ्या सिस्टरला ऐकायला उभी करा. केस पेपरवर लिहा: कुणी सांगितलं, किती वाजता, 'वाचून दाखवली, खात्री केली'. राऊंडला डॉक्टर आले की पहिल्यांदा त्या ओळीखाली सही. बऱ्याच हॉस्पिटलांत २४ तासांच्या आत सही असा नियम कागदावर आहेच, तो फक्त कपाटातून बाहेर काढायचा. इन्सुलिन, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं), केसीएल (पोटॅशियम क्लोराईड) यांच्या बाबतीत तर दोघींनी तपासल्याशिवाय हात लावायचा नाही, मग पलीकडे कितीही मोठे सर असोत. असं केल्यानं डॉक्टर चिडतील ही भीती मला माहीत आहे. पण 'सर, तुमच्याच सेफ्टीसाठी' हे तीन शब्द आधी जोडले की बरेचसे निवळतात. ही युक्ती ३१ वर्षांची आहे, फुकट देते.

फोटोंचंही तेच. सरकारी योजनेतून उपचार घेणाऱ्या पेशंटचे बेडवरचे फोटो, जखमेचे फोटो, रिपोर्ट. हॉस्पिटलच्या फोनवर काढून ते 'पटकन बघते' म्हणून स्वतःच्या नंबरवर पाठवू नका. एकदाही नको.

त्या व्हिडिओकडे येते. तुम्हाला लागलं असणार. हात पेशंटच्या कामात, आणि समोरचा म्हणतो मोबाईल बघत बसल्यात. पण क्षणभर त्या मुलाच्या जागी उभं राहू या. मिरजेत १८९४ साली वानलेस डॉक्टरांनी हॉस्पिटल उघडलं, तेव्हापासून अथणी, चिक्कोडी, जमखंडीकडची माणसं इथं येतात, अजूनही येतात. येताना दागिने गहाण ठेवून आलेली असतात. भाषा अर्धी कळते. बाप पलंगावर आणि सिस्टर मोबाईलवर बोट फिरवतेय. त्याच्या गावात मोबाईलवर बोट फिरवणारं माणूस काय करत असतं? रील बघत असतं. त्याला दुसरं काही वाटायला आपण काय दिलं?

म्हणून दोन साध्या गोष्टी. एक, हॉस्पिटलच्या सगळ्या फोनना एकाच भडक रंगाचं कव्हर आणि मागं हॉस्पिटलचं नाव. वॉर्डाच्या दारात मराठी आणि कन्नड दोन्हीत पाटी: 'सिस्टरांच्या हातातला पिवळा फोन हॉस्पिटलचा आहे. पेशंटच्या नोंदी त्यावर होतात.' दोन, फोन काढायच्या आधी तोंडानं बोलणं. 'काका, आत्ता दिलेलं इंजेक्शन यात लिहून ठेवते हं.' तीन सेकंद लागतात. जमलं तर स्क्रीन त्यांच्याकडे जरा कलती करायची. कन्नड येत नसेल तर येणाऱ्या मावशींकडून एवढं एक वाक्य पाठ करून घ्या. वॉर्डात अशा मावशी असतातच.

हे सगळं करूनही कुणी अंगावर आलं, शिव्या दिल्या, तर गप्प बसायचं नाही. डॉक्टर-नर्सवरच्या हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, त्यात नर्सही येतात. पण व्हिडिओ काढणाऱ्या प्रत्येकाला त्या कायद्याचा धाक दाखवू नका. तुमच्या प्रसंगात तो मुलगा घाबरलेला होता, असं तुमच्याच वर्णनावरून मला वाटतं.

आता वीस मिनिटं. मेट्रन जे बोलल्या ते चुकीचं बोलल्या, यात मला शंका नाही. बाथरूमला गेलेल्या बाईला हिशेब विचारायचा नसतो. आठ तास उभं राहून, पाणी न पिता, लघवी तुंबवून किती जणींनी मूत्रमार्गाचे आजार ओढवून घेतलेत हे मेट्रनना ठाऊक नाही असं होणार नाही, त्याही कधी स्टाफ होत्याच. पण तुम्ही पुढं लिहिलंय, 'आमच्यावर नजर ठेवायलाच फोन दिलेत.' हे अजून तुम्हाला माहीत नाही, हा अंदाज आहे. कदाचित कोड ब्लूला, म्हणजे पेशंटचं हृदय बंद पडल्याची हाक आली की, जवळची सिस्टर कोण हे कळावं म्हणून लोकेशन लावलं असेल आणि मेट्रनच्या हातात तो नकाशा आयता आला असेल. नकाशा दिसला की माणूस बघतोच. हेतू काहीही असो, विचारायला हवं, आणि लेखी विचारायला हवं: फोनमधलं काय काय नोंदलं जातं, ते कोण बघतं, किती दिवस ठेवतात, ड्युटीनंतर बंद होतं का.

यात कायद्याची बाजू थोडक्यात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि तो टप्प्याटप्प्यानं लागू होतोय. नोकरीच्या कामापुरती माहिती काही बाबतीत मालकाला संमतीशिवायही वापरायची मुभा त्यात आहे. तेव्हा 'मी संमती दिलीच नव्हती' एवढ्यावर भांडायला जाऊ नका, तोंडावर पडाल. 'कामासाठी एवढं लागतं का?' या प्रश्नावर उभ्या राहा. रात्री दहाला तुम्ही मालगावात घरी आहात हे कळून कुठल्या पेशंटची सोय होते?

तोवर स्वतःपुरती काळजी घ्या. त्या फोनवर स्वतःचं गुगल खातं, फोनपे, मुलीचे फोटो, मिस्टरांशी गप्पा, काही म्हणजे काही नको. हॉस्पिटलला तो दूरवरून पुसून टाकता येऊ शकतो आणि त्यात काय काय आहे हे बघताही येऊ शकतं. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' एकदा उघडून बघा, तो नंबर आणखी कुठल्या कॉम्प्युटरवर उघडलेला आहे ते तिथं दिसतं. आणि फोन किल्लीसारखा झाला की बाथरूमला जाताना तो शेजारच्या सिस्टरकडे देऊन जाता येतं, 'पाच मिनिटं बघ गं'. कॉलही चुकत नाही आणि नकाशावर तुमचा ठिपकाही बाथरूमपाशी थांबलेला दिसत नाही.

चौदा हजारांचा कागद. सही केलीत म्हणून हात बांधले गेले असं समजू नका. पूर्वी वेतन प्रदान कायदा १९३६ होता, आता वेतन संहिता २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. दोन्हींत मुद्दा तोच. सांभाळायला दिलेली वस्तू हरवली वा बिघडली तर कपात करता येते, पण ते नुकसान थेट तुमच्या हलगर्जीपणामुळं झालेलं असलं पाहिजे, कपात नुकसानीपेक्षा जास्त नको, आणि आधी तुम्हाला तुमचं म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी. दोन वर्षं वापरलेल्या फोनचे नव्याचे पैसे, किंवा पेशंटला उचलताना खिशातून पडला म्हणून सरसकट कापलेले १४,०००, यात बसणं अवघड आहे. प्रत्यक्ष कपात झालीच तर सांगलीच्या कामगार कार्यालयात जाऊन विचारा. आणि जाताना पगाराची पावती आणि त्या कागदाची प्रत न्या. प्रत तुमच्याकडे नसेल, असा माझा अंदाज. आधी ती मागून घ्या.

आणि खिशाचं म्हणाल तर आपल्या युनिफॉर्मचे खिसे पेन, कात्री आणि टॉर्चच्या मापाचे शिवलेले असतात. वाकलं की फोन पडणारच. कमरेचा पाऊच नाहीतर गळ्यातली, ओढ बसली की सुटणारी दोरी हॉस्पिटलनं द्यावी. साधी दोरी नको. बिथरलेला पेशंट ती ओढतो, मी बघितलंय.

स्वतःचा मोबाईल लॉकरमध्ये, या नियमावर मी तुमच्या बाजूनं पूर्ण नाही. पेशंटजवळ खासगी फोन नसावा हे बरोबरच आहे. आम्ही इन्चार्ज असताना नव्या मुलींच्या खिशातले फोन गुरगुरायचे आणि सलाईन लावता लावता त्यांची नजर तिकडं जायची. पण फोन काढून घ्यायचा आणि घरच्यांना दुसरा रस्ता ठेवायचा नाही, हेही बरोबर नाही. लेकीला ताप चढला तर आईला रात्री नऊला लॉकर उघडल्यावर कळायचं? तेव्हा हॉस्पिटलनंच प्रत्येक वॉर्डचा एक नंबर घरच्यांना द्यायला परवानगी द्यावी, आणि निरोप आला की तो सिस्टरपर्यंत पोचवणं ही स्टेशनवरच्या माणसाची जबाबदारी असावी. चहाच्या सुट्टीत लॉकर उघडून स्वतःचा फोन बघायची मुभा असावी, हेही त्यातच.

जाता जाता एक. सगळं ॲपवर गेलं तरी वॉर्डाच्या भिंतीवर कागदाचा एक तक्ता ठेवायला लावा: रक्तपेढी, ऑक्सिजन, लिफ्ट, अँब्युलन्स, सगळ्या कन्सल्टंटचे नंबर. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमच्याकडे चार्जिंगचीच मारामार होती. सगळ्यांचे नंबर ज्या फोनमध्ये होते तो बंद पडला, आणि एका जुन्या डायरीवर आम्ही दोन दिवस काढले. पूर दरवर्षी येत नाही, पण वीज तर आठवड्याला जाते.

नोकरी बदलायची का? फोनसाठी नको. दुसऱ्या हॉस्पिटलातही आज ना उद्या हाच फोन येणार आहे. आणि तिथं सहा वर्षांची ओळखही नसेल. पगार, रजा किंवा मेट्रनचं रोजचंच वागणं हे खरं कारण असेल तर ते वेगळं पत्र आहे. ते जरूर लिहा.

त्याऐवजी या महिन्यात एक अर्ज करा. एकटीच्या नावानं नको, वॉर्डातल्या सगळ्यांच्या सह्यांनी. आठवड्याची वही जोडून. भाषा मऊ, मागण्या नेमक्या. मी असती तर काहीसं असं लिहिलं असतं:

'मा. मेट्रन मॅडम, हॉस्पिटलनं दिलेल्या मोबाईलमुळे डॉक्टरांशी संपर्क लवकर होतो, याबद्दल आभारी आहोत. काही अडचणी सोबतच्या नोंदवहीत दिल्या आहेत. तरी, फोन व्यक्तीच्या नावे न देता वॉर्डच्या नावे द्यावेत, ओव्हरच्या वेळी रजिस्टरवर सही करून देणे-घेणे व्हावे आणि चार्जिंग वॉर्डातच व्हावे. औषधाच्या राऊंडला कॉल दुसऱ्या फोनवर वळवावेत. बिलिंग व कॅन्टीनसाठी वेगळा नंबर असावा. तोंडी व मेसेजवरील ऑर्डरवर २४ तासांत सही मिळावी. फोनवरून कोणती माहिती नोंदली जाते ते लेखी कळवावे. फोन वॉर्डचा झाल्यावर कपातीच्या हमीपत्राचा फेरविचार व्हावा. आपल्या सोयीनं १५ मिनिटांची वेळ द्यावी, ही विनंती.'

बघा, यात कुठंही 'नजर' हा शब्द नाही आणि बाथरूमचा प्रसंगही नाही. तो प्रसंग कागदावर आणू नका. मेट्रनना एकट्या गाठून, दार लोटून, तोंडावर सांगा: 'मॅडम, त्या दिवशी तुम्ही विचारलंत ते मला फार लागलं.' मी स्वतः इन्चार्ज असताना एका मुलीनं मला असंच येऊन सांगितलं होतं. त्या दिवशी मी तिला उलट बोलले. पुढं मात्र कुणाला तसं विचारलं नाही.

अर्जातलं सगळं एकदम मिळणार नाही. निवड करावी लागली तर पहिल्या मागणीवर अडून राहा. रजिस्टर आणि चार्जिंग पॉइंट, याला हॉस्पिटलला फारसा खर्च नाही. फोन एकदा वॉर्डात राहायला लागला की रात्रीचे कॉल, घरचं लोकेशन, गाडीवरून पडण्याची भीती, लेकीच्या हातात जाणं, हे न मागताच सुटतं.

राहता राहिला ता. क. सासूबाईंना वॉर्डचा नंबर द्या. पहिले चार दिवस 'भाकरी टाकू का पोळी करू' म्हणूनसुद्धा फोन येईल. एकदोनदा इन्चार्ज सिस्टरनी स्वतः उचलून 'बोला आजी, पोरगी बरी आहे ना?' असं विचारलं की त्या आपसूक कमी करतील. आमच्याकडे एकीच्या सासूबाईंनी मात्र कमी केले नाहीत. पण त्यांची आमच्या मावशींशीच मैत्री झाली, आणि पुढं प्रत्येक संक्रांतीला वॉर्डात तिळाच्या वड्यांचा डबा यायचा.